मोल देणारा पाहुणा

परगावी रात्र काढण्याची पाळी आलेल्या मनुष्यासाठी आपल्याकडे पूर्वापार तीन दारे असत. एक ओळखीचे, दुसरे धर्माचे आणि तिसरे पैशाचे. ओळखीचे दार म्हणजे नातलगाचे अथवा स्नेह्याचे घर. धर्माचे दार म्हणजे अहिल्याबाई होळकरांसारख्यांनी तीर्थक्षेत्री बांधलेल्या धर्मशाळा. आणि पैशाचे दार म्हणजे खानावळ, लॉज किंवा हॉटेल. पहिल्या दोन दारांचे गोडवे आपण पुष्कळ गाइले आहेत. तिसऱ्याविषयी मात्र आपण बोलतो ते एकाच सुरात. खोली कशी होती, चादर धुतलेली होती की नाही, भाजीत मीठ किती होते आणि अखेर बिल किती झाले, येथेच आपले बोलणे संपते. आज आपल्यापैकी बहुतेक जण प्रवासात याच तिसऱ्या दाराने आत शिरतात. तेव्हा तेथे शिरणारा मनुष्य पाहुणा असतो की नुसते गिऱ्हाईक, आणि पैसे चुकते केल्यावर त्याच्याकडे काही देणे उरते की नाही, हा प्रश्न दिसतो तितका क्षुल्लक नाही.

या प्रश्नाकडे मी ग्रंथांच्या वाटेने आलो नाही. एका लहानशा प्रसंगाने तो माझ्यापुढे आणून ठेवला, आणि त्या प्रसंगात मला भूषणावह असे काही नाही. परंतु तो सांगण्यापूर्वी माझ्या मनाची घडण कोठली, हे सांगितले पाहिजे.

माझे बालपण यवतमाळात गेले. मूर्तिजापुराहून यवतमाळास येणारी अरुंद मापाची आगगाडी, जिला सारा मुलूख 'शकुंतला' या नावाने ओळखतो, तेव्हा वाफेवर चालत असे. १९९४ साली तिला डिझेलचे इंजिन लागले आणि पुढे ती बंदच पडली. त्या काळी ११३ किलोमीटरांची ती वाट संपवून कोण केव्हा दारात उभा राहील, याचा नेम नसे. कापसाच्या हंगामात तर रात्री दहालाही कडी वाजे, आणि आई विझवलेली चूल पुन्हा पेटवी. पिठले, भाकरी, ठेचा आणि ताकाचा पेला एवढे ताट घटकाभरात पाटापुढे येई. पाहुण्याने 'कशाला त्रास घेतला' म्हणावयाचे आणि आईने 'त्रास कसला त्यात' म्हणावयाचे, असा तो ठरलेला संवाद होता. त्यात थोडे असत्य होते. पण ते दोन्ही बाजूंनी वाटून घेतलेले असल्यामुळे कोणालाच बोचत नसे. अशा घरात वाढलेल्या मनुष्याला हॉटेल म्हणजे आतिथ्याचा बाजार वाटावा, यात नवल नाही. मलाही पुष्कळ वर्षे तसेच वाटे.

तीन वर्षांपूर्वी पौषात मी आईला समुद्र दाखवण्यासाठी कोकणात घेऊन गेलो. आमच्याकडच्या पुष्कळ माणसांप्रमाणे तिनेही ऐंशी वर्षे समुद्र केवळ ऐकला होता. धामणगावला गाडी धरली, मुंबईस बदलली, कोकण रेल्वेने कुडाळास उतरलो आणि तेथून मोटारीने मालवणच्या अलीकडे किनाऱ्यावरच्या एका गावी गेलो. १९९७ साली सिंधुदुर्ग हा पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला. त्या बाजूला आता कित्येक घरांतून दोन-चार खोल्या प्रवाशांसाठी राखलेल्या असतात. आम्ही उतरलो ते घरही तसेच होते. वर कौले, पुढे माड, मागे विहीर. घर चालवणाऱ्या बाई पन्नाशीच्या होत्या आणि त्यांच्या हाताखाली एक पोरगा होता.

दुसऱ्या रात्री वीज गेली. सकाळी सातास स्नान उरकून सिंधुदुर्ग किल्ल्याकडे जाणारी होडी गाठावयाची, असा माझा बेत होता. न्हाणीघरातले पाणी तापवण्याचे यंत्र अर्थातच बंद. बाईंनी मागच्या पडवीत चूल पेटवून तपेल्यात पाणी तापवले, पोराने ते बादलीने जिना चढून वर आणले, तोवर साडेआठ वाजून गेले होते. दुपारची परतीची गाडी ठरलेली असल्यामुळे किल्ला राहिला तो राहिलाच. मी पोराला चार शब्द सुनावले. तो खाली मान घालून उभा राहिला.

निघताना बाईंनी आईच्या हातात कोकमाच्या आगळाची एक रुंद तोंडाची बाटली ठेवली. रात्री अंधारात बसल्या बसल्या आईने आपल्या पित्ताची कथा त्यांना सांगितली होती. मी पाकिटात हात घातला, तेव्हा हे बिलातले नव्हे, असे म्हणून त्यांनी तो पाकिटातच ठेवावयास लावला. गाडीत बसतो न बसतो तोच फोनवर अभिप्राय मागणारी ओळ आली. हल्ली ही रीत सर्वत्र झाली आहे. उतारूने उतरल्या घराला गुण द्यावयाचे आणि पुढच्या उतारूंनी ते वाचावयाचे. मी लिहिले, 'गरम पाण्याची सोय नाही. वेळेचे भान नाही.' आणि पाचांपैकी दोन तारे दिले.

ती बाटली आईने वैशाखापर्यंत पुरवली. यवतमाळचा उन्हाळा ज्यांना ठाऊक आहे, त्यांना त्या आंबट घोटाची किंमत सांगावयास नको. बाटली संपली त्या दिवशी आईने विचारले, "त्या बाईंना काही लिहिलेस की नाही रे?" मी म्हणालो, "लिहिले." ते अक्षरशः खरे होते, आणि त्याहून मोठे खोटे मी आईशी आजवर बोललो नव्हतो. रात्री मी तो अभिप्राय पुन्हा काढून पाहिला. त्याखाली बाईंचे उत्तर होते. आपली गैरसोय झाली त्याबद्दल क्षमा असावी, आदल्या रात्रीपासून वीज नव्हती, एवढे लिहून शेवटी त्यांनी विचारले होते, 'आईंचे पित्त आता कसे आहे?'

मी लिहिलेल्यात एक अक्षरही खोटे नव्हते. पाणी उशिरा आले होते. होडी चुकली होती. पैसे मी पुरते दिले होते. मग मला लाज वाटली ती कशाची?

पहिले उत्तर माझ्या जुन्या पूर्वग्रहाने दिले. सारा दोष पैशाचा, असे ते उत्तर होते. जेथे मोल आले तेथे माया गेली. हॉटेलाने आतिथ्य मारले आणि आम्हाला गिऱ्हाईक करून सोडले. हे उत्तर मला काही दिवस पुरले, कारण त्यात माझ्याऐवजी काळाला दोष देण्याची सोय होती. पण ते टिकणारे नव्हते. ओळखीच्या दाराचे जे चित्र मी मनात जपले होते, त्याचा एक कोपरा मी झाकून ठेवला होता.

आमच्या ओसरीवरच्या कोनाड्यात कान तुटलेला एक कप निराळा ठेवलेला असे. काही माणसांना चहा त्यातूनच मिळे, आणि पिऊन झाल्यावर ती तो स्वतः विसळून जागच्या जागी ठेवीत. ती माणसे घराशी माझ्याहून अधिक जुनी होती. तरी ती पाहुणे नव्हती. मनुस्मृतीचा तिसरा अध्याय गृहस्थाला अतिथिसेवेचा धर्म शिकवतो. एक रात्र राहील तो अतिथी, अशी व्याख्याही करतो. पण तोच अध्याय पुढे सांगतो की, ब्राह्मणाच्या घरी वैश्य किंवा शूद्र पाहुण्यासारखे आले, तर त्यांना सेवकांबरोबर जेवू घालावे. म्हणजे देव मानावयाचा अतिथी कोण, हे दाराशी कूळ विचारून मग ठरे. ज्या आतिथ्याचे आपण गोडवे गातो, त्याच्या उंबरठ्यावर हा एक प्रश्न सदैव बसलेला होता.

या प्रश्नाची धग किती होती, हे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या चरित्रातील एका प्रसंगावरून कळते. १९१७ साली लंडनहून परतल्यावर ते बडोदे संस्थानच्या नोकरीसाठी बडोद्यास गेले, तेव्हा अमेरिकेतील विद्यापीठाची पदवी त्यांच्यापाशी होती. परंतु उतरावयास त्या शहरात घर नव्हते. ओळखीचे दार नव्हते आणि धर्माचे उघडणारे नव्हते. अखेर एका पारशी विश्रामगृहात पारशी नाव सांगून त्यांनी जागा घेतली. तिचे मोल ते देत होते. तरीही अकराव्या दिवशी हातात काठ्या घेतलेली माणसे वर चढून आली आणि त्यांना ती जागा सोडावी लागली. पैशाचे दार त्या दिवशी जे मिटले, ते ते पैशाचे होते म्हणून नव्हे. तेथेही कोनाड्यातला कप जाऊन पोहोचला होता म्हणून.

पुढे त्याच गृहस्थांच्या देखरेखीखाली तयार झालेले संविधान २६ जानेवारी १९५० रोजी अमलात आले. त्याच्या पंधराव्या कलमात दुकाने, उपाहारगृहे आणि हॉटेले यांचा नाव घेऊन उल्लेख आहे. धर्म, जात किंवा जन्मस्थान यांच्या कारणावरून तेथे कोणाला अडवता येत नाही. १९५५ च्या अस्पृश्यतेविषयीच्या कायद्याने अशी अडवणूक दंडनीय केली. कायद्याला माझ्या आईच्या ओसरीवर येऊन तो कप फोडता येत नव्हता. हॉटेलाच्या दाराला मात्र त्याला हात घालता आला, कारण ते दार एकदा सर्वांसाठी उघडले म्हणजे ते खाजगी राहत नाही. आडनाव ऐकून कपाळाला आठ्या घालणारे लॉजवाले आजही नाहीत असे नाही; परंतु आता त्या आठ्या लपवाव्या लागतात, हाही काही थोडा पल्ला नव्हे.

शिवाय, ज्याला आपण आवडीने बोलावतो त्याला नावडीने परतही पाठवू शकतो. आमच्या गावाने हेही पाहिले आहे. जानेवारी २०१९ मध्ये यवतमाळास ब्याण्णवावे मराठी साहित्य संमेलन भरले, तेव्हा उद्घाटनासाठी नयनतारा सहगल यांना धाडलेले निमंत्रण मागे घेण्यात आले. संमेलनाध्यक्षा अरुणा ढेरे यांनी व्यासपीठावरूनच त्याविषयी नापसंती सांगितली. पण व्हावयाचे ते होऊन गेले होते. स्नेहाचे दार उघडते तसे मिटते. त्या मानाने, मोल घेऊन किल्ली हातात देणारे दार रुक्ष असेल, पण तुमची मते काय आहेत असे ते विचारीत नाही.

तेव्हा पैसा हा आतिथ्याचा शत्रू आहे, हे म्हणणे मला सोडून द्यावे लागले. पैसा पाहुण्याला मिंधेपणातून सोडवतो. त्याला कूळ न सांगता छप्पर मिळवून देतो. आणि दारिद्र्यात पडलेल्या यजमानाला आपल्या दोन खोल्यांवर घर चालवण्याचा मान देतो. माझी चूक पैसे देण्यात नव्हती. त्या पैशांनी मी काय काय विकत घेतले, याच्या हिशेबात ती होती.

मी विकत घेतले होते ते असे. दोन रात्रींची खोली, अंथरूण, जेवण आणि सकाळचे ऊन पाणी. यांतील पाण्यात तूट आली, आणि ती तूट मी चारचौघांत मांडली. परंतु काळोखात उठून चूल पेटवण्याचे मी मोल दिले नव्हते; अनोळखी म्हातारीचे दुखणे तासभर ऐकण्याचे दिले नव्हते; बाटलीचे तर त्यांनी घेतलेच नव्हते. गुण मागणाऱ्या त्या तक्त्यात स्वच्छतेसाठी घर होते, सोयींसाठी होते, जागेसाठी होते. या गोष्टींसाठी घर नव्हते, म्हणून मी त्या लिहिल्या नाहीत. जे विकत घेतले त्यातला उणेपणा मी जगाला सांगितला, आणि जे विकत घेतले नव्हते ते मुकाट्याने घेऊन घरी आलो. माझी लाज ही होती.

मोल दिले म्हणजे वस्तू आपली होते. परंतु ती देणारा मनुष्य त्यामुळे आपला ऋणी होत नाही, आणि आपणही त्याच्या ऋणातून सर्वस्वी मोकळे होत नाही. वैद्य फी घेतो, शिक्षक वेतन घेतो. म्हणून त्यांनी लावलेला जीव खोटा, असे आपण म्हणत नाही. मग वाढप्याच्या किंवा घर चालवणाऱ्या बाईच्या बाबतीतच आपण असे का म्हणावे? कोणी शंका काढील की, ही सारी गोडी पुन्हा गिऱ्हाईक यावे म्हणून असते. असेल. पण यजमानाच्या मनातले सोने किती कसाचे हे पारखण्याचा अधिकार पाहुण्याला कोणी दिला? आमच्या घरी येणाऱ्या पाहुण्यानेही आई चूल पेटवते ती मायेने की लोकलाजेने, हे कधी विचारले नव्हते.

ज्यांना मोल घेणाऱ्याच्या मायेवर भरवसा नाही, त्यांनी मुंबईच्या ताजमहाल हॉटेलातील २६ नोव्हेंबर २००८ ची रात्र आठवावी. दहशतवादी गोळ्या झाडीत फिरत असता तेथील आचारी, वाढपी आणि इतर नोकर, स्वतः निसटण्याच्या वाटा ठाऊक असूनही, आधी पाहुण्यांना बाहेर काढीत राहिले, आणि त्यांपैकी कित्येकांचे प्राण गेले. त्या रात्रीचे काम कोणाच्याही पगारात धरलेले नव्हते. माणूस पैशासाठी कामाला लागतो हे खरे. परंतु कामाला लागल्यावर तो जे देतो, ते सारेच पैशासाठी देतो असे नाही.

आता पाहुण्याच्या बाजूचा धर्म पाहू. यजमानाची कर्तव्ये आपल्याकडे हजारदा सांगितली गेली, पाहुण्याची क्वचितच. कठोपनिषदातला नचिकेता यमाच्या दारी तीन रात्री उपाशी राहिला. तेथे अपराधाची जाणीव झाली ती यजमानाला. त्याने आपण होऊन तीन वर दिले. आजचा नचिकेता पहिल्याच रात्री एक तारा देऊन मोकळा होईल, आणि यमाला त्याखाली क्षमायाचना लिहावी लागेल. यात विनोद आहे, पण अन्यायही आहे. घरचा यजमान निदान रुसू शकतो, पाहुण्याचे वागणे आवडले नाही तर त्याच्या पाठीमागे चार शब्द बोलू शकतो. मोल घेणाऱ्याला तीही मोकळीक नाही. हसणे हा त्याच्या नोकरीचा भाग होतो, आणि ते हसू थोडे ढळले की त्याचेही गुण कापले जातात. तो पोरगा खाली मान घालून उभा होता तेव्हा त्याला काय वाटत होते, हे सांगण्यासाठी कोणत्याही तक्त्यात घर नव्हते.

जपानातील जुन्या पांथशाळांत, ज्यांना तेथे 'रियोकान' म्हणतात, मोल आणि मर्यादा यांची सांगड बरी घातलेली दिसते. कोमात्सु या समुद्रकाठच्या लहान शहराच्या हद्दीत आवाझु येथे 'होशी' नावाची अशी एक पांथशाळा आहे. ७१८ सालापासून एकाच घराण्याने ती चालवली, असे तेथील परंपरा सांगते. अशा ठिकाणी पाहुणा द्रव्य पुष्कळ मोजतो. पण तो उंबरठ्याशी पादत्राणे उतरवतो, सामाईक ऊन पाण्याच्या कुंडात शिरण्यापूर्वी बाहेर बसून अंग स्वच्छ धुतो, जेवणाच्या ठरल्या वेळी हजर राहतो. वर बक्षिशी ठेवण्याची तेथे सर्वसाधारण चाल नाही. पैसे दिले म्हणून आपण घराचे धनी झालो, असे त्याला वाटू नये अशीच ही व्यवस्था आहे. त्यांच्या चहाच्या विधीत 'इचिगो इचिए' असा एक विचार आहे. ही भेट आयुष्यात एकदाच, असा त्याचा आशय. ज्याच्या येण्याला तिथी नाही तो अतिथी, असे आपण म्हणतो. दोन्हींचा मथितार्थ जवळचा आहे. उद्या हा मनुष्य पुन्हा भेटेल याची हमी नाही, म्हणून आजच त्याच्याशी नीट वागावे. मात्र आपण हे फक्त यजमानाला सांगितले. त्यांनी ते दोघांनाही सांगितले.

याचा अर्थ प्रवाशाने गैरसोय निमूट सोसावी आणि तक्रार करू नये, असा मुळीच नाही. चादर मळकी असेल, हिशेबात लबाडी असेल, किंवा कोणाला कूळ विचारून दारातून परतवले असेल, तर ते बोललेच पाहिजे. मागून येणाऱ्यावर तो उपकार आहे, आणि शेवटच्या बाबतीत तर ते कर्तव्यच आहे. परंतु अभिप्राय लिहिणारा हा साक्षीदार आहे, आणि साक्षीदाराने सत्याचा अर्धा भाग खिशात ठेवून चालत नाही. पाणी उशिरा आले हे जितके खरे, तितकेच ते चुलीवर तापवून जिन्याने वर आणले हेही खरे. पहिले सांगावयाचे आणि दुसरे गाळावयाचे, हे खोटे बोलण्याहून फारसे निराळे नाही.

मी तो अभिप्राय दुरुस्त केला. दोनाचे पाच करून टाकणे सोपे होते; पण लाजेपोटी दिलेले तारे हे रागाने कापलेल्या ताऱ्यांइतकेच खोटे झाले असते. पाणी उशिरा आले ही ओळ मी राहू दिली. तिच्याखाली ते का उशिरा आले, कसे आले आणि निघताना आम्हाला काय मिळाले, हे सविस्तर लिहिले. मग आईला सारे सांगितले. ती रागावली नाही; नुसती उठली आणि स्वयंपाकघरातून ती रिकामी बाटली घेऊन आली. ती तिने केव्हाच धुऊन, उन्हात वाळवून ठेवली होती.

आमच्याकडे दुसऱ्याच्या घरचे भांडे रिकामे परत करीत नाहीत. त्या बाटलीत जवसाची चटणी भरली, तोंडाला फडके बांधले आणि पोस्टाने कोकणात धाडली. बिल मी त्या सकाळीच चुकते केले होते. भांडे मात्र इतके दिवस आमच्याकडेच राहिले होते.